पाटीच्या मागच्या बाजूला काय लिहावे?

गडग्याआड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वेळणेश्वरला आमच्या राहत्या घराला लागून चार खोल्या बांधून आम्ही पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतो, त्याला आता सहा वर्षे होत आली. फाटकाशी जांभ्याच्या दोन खांबांवर चार फूट बाय दोन फुटांची पत्र्याची पाटी आहे. आत येणाऱ्याला दिसते त्या बाजूला, कोकणातल्या इतर शंभर पाट्यांप्रमाणेच, ‘येवा, कोकण आपलाच असा’ असे लिहिलेले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मागची बाजू मात्र, म्हणजे पाहुणे गाडीत सामान भरून निघताना जी वाचतात ती, दोन पावसाळ्यांत खरवडून पूर्ण कोरी झाली आहे. बुधवारी गुहागरहून पेंटर येणार आहे आणि तो अक्षरांवर पैसे घेतो.

आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, कोल्हापूर-बेळगावचे येतात, दिवाळीत गुजरातचे आणि बंगालचे, थंडीत एखाददुसरे परदेशी जोडपेही येते. म्हणून पाच-सहा भाषांत आभार आणि निरोप लिहावा असे मनात होते. पण यादी करायला बसलो आणि पहिल्याच भाषेत, म्हणजे मराठीत, अडलो. ‘धन्यवाद’ लिहिले की वर्गणीच्या पावतीसारखे दिसते आणि ‘आभारी आहोत’ लिहिले की पुढे ‘सहकार्याबद्दल मंडळ आपले’ हे शब्द आपोआप ऐकू येतात. आईला विचारले, तर तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर न करता मलाच विचारले, “आभार कसले? पोटभर जेवले ना?”

तेव्हा आपण घरी खरोखर काय म्हणतो, आणि आपल्याला माहीत असलेल्या इतर भाषांत काय म्हणतात, ते अर्थासह सांगावे ही विनंती. यंत्राने केलेली भाषांतरे कृपया नकोत.

रातांबा

यंत्राची भाषांतरे नकोत म्हणालात ते फारच बरे केलेत. एका मोठ्या शहरातल्या हॉटेलातून खोली सोडून निघताना मी व्यवस्थापकांचे आभार मानले, तर त्यांच्या पडद्यावर मराठीत उत्तर उमटले, ‘तुमचे स्वागत आहे’. मी बॅगा घेऊन दारात उभा आणि माझे स्वागत चालू! आभाराला मराठीत ठरलेले उत्तर नाही, हे यंत्राला कोणी सांगितलेले दिसत नाही. आपण ‘अहो, त्यात काय!’ किंवा ‘छे, छे, आभार कसले?’ म्हणतो, म्हणजे समोरच्याने दिलेले आभार हातात न घेता तसेच परत करतो.

भरती_ओहोटी

निरोपाचा मराठी शब्द ‘येतो’ हाच आहे, बाकी सारे नंतर आलेले. मी कणकवलीच्या बाजूचा. मुलगा मुंबईत नोकरीला, गणपतीला येतो आणि गौरी-गणपती झाले की परत निघतो. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेशनवर सोडायला माझी आई हट्टाने आली होती. तिच्या मांडीवर कुळथाच्या पिठाची पिशवी होती, तिला दोन गाठी मारलेल्या, आणि गाडीची घोषणा झाल्यावर त्या गाठी ती पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. गाडी लागली, पोराने घाईत पिशवी घेतली, पाया पडला आणि म्हणाला, “चल आजी, जातंय.” तिने त्याचे मनगट धरले ते सोडीचना. “जातंय म्हणा नको रे, येतंय म्हण.” मागे चढणारे लोक ओरडत होते, तरीही त्याच्या तोंडून ‘येतंय’ ऐकल्याशिवाय तिने त्याला डब्यात चढू दिले नाही.

ही रीत फक्त आपली नाही. तमिळमध्ये निघणारा ‘पोयिट्टु वरेन्’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, तेलुगूत ‘वेळ्ळि वस्तानु’, आणि तिन्हींचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. बंगाली माणूस निघताना नुसते ‘आशि’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘येतो’. गुजरातीत निरोप देणारा ‘आवजो’ म्हणतो, म्हणजे ‘या’. आपल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना हे भाषांतराशिवाय कळेल असे मला वाटते.

सुकट_बोंबील

आमच्या गावचे डॉक्टर तपासून झाल्यावर ‘बरं, या’ म्हणतात आणि लगेच जीभ चावून ‘म्हणजे, यायची गरज पडणार नाही’ असे पुरवणीत जोडतात. पेंटरच्या हिशेबाने हा निरोप फार महाग पडेल.

माजघर

सुकट_बोंबील यांनी विनोद केला असला तरी त्यात एक खरी गोष्ट आहे. ज्या घरी माणूस गेलेले असते, तेथे भेटायला गेल्यावर निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत आणि घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. आपण काही न बोलता उठतो, चपला घालतो आणि पायऱ्या उतरतो. आमच्या शेजारी असा प्रसंग झाला तेव्हा माझी परदेशी वाढलेली भाची बरोबर होती. तिला ते उद्धटपणाचे वाटले आणि तिने दारात वळून मोठ्याने ‘येते हं काकू’ म्हटले. काकू काही बोलल्या नाहीत, पण ओट्यावर बसलेल्या चार बायकांनी एकदम माना वर केल्या. एरवी दिवसातून दहा वेळा उच्चारला जाणारा हा शब्द किती जपून वापरायचा असतो, ते मला तेव्हा नीट कळले.

पेडण्याची

माझे माहेर गोव्यातले, सासर रत्नागिरीचे. कोंकणीत आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, म्हणजे देव तुमचे भले करो. आभारी माणूस स्वतः काहीच देत नाही, देण्याचे काम देवावर सोपवून मोकळा होतो! आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुले संध्याकाळची प्रार्थना झाली की मोठ्यांकडे ‘बेसांव’ मागायची. हा आशीर्वादासाठीचा पोर्तुगीज शब्द आहे. तिन्हीसांजेला दिवा लावून ‘शुभं करोति’ झाल्यावर आम्ही मोठ्यांच्या पाया पडायचो, त्याच वेळी कुंपणापलीकडे हे चालायचे.

पोर्तुगीजांचा स्वतःचा आभाराचा शब्द ‘ऑब्रिगादु’ आहे, बाई असेल तर ‘ऑब्रिगादा’, आणि त्याचा अर्थ ‘मी बांधला गेलो’. आपल्या ‘आभार’मध्ये भार आहे आणि त्यांच्याकडे दोरखंड. जपानी ‘आरिगातो’ हा शब्दही त्याच ‘ऑब्रिगादु’वरून आला असे मी ऐकले आहे.

निवृत्त_मास्तर

पेडण्याची, बाकी सर्व मान्य, शेवटचे वाक्य सोडून. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणून ती फिरत राहते. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ साली, आणि ‘आरिगातो’ ज्या शब्दापासून झाला तो विशेषणाचा शब्द इ. स. १०००च्या सुमारच्या जपानी लेखनातही सापडतो. त्याचा मूळ अर्थ ‘असणे अवघड’, म्हणजे दुर्मीळ. तुम्ही केलेत ते सहसा कोणी करत नाही, असा तो आभार आहे.

जपानीत पाटीच्या उपयोगाची दुसरी एक गोष्ट आहे. घरातून बाहेर पडणारा ‘इत्ते किमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’, आणि घरात राहणारा ‘इत्ते राश्शाय’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन या’. भरती_ओहोटी यांच्या आईंना जपानमध्ये कोणाचे मनगट धरावे लागणार नाही. आपण ज्याला जपानी निरोप म्हणून ओळखतो तो ‘सायोनारा’ मुळात ‘असे असेल तर’ एवढ्याच अर्थाचा, म्हणजे आपल्या ‘बरं तर मग’ या शब्दांच्या फार जवळचा आहे. आपणही ‘बरं तर मग’ म्हणून उठतो आणि पुढचे वाक्य पुष्कळदा बोलतच नाही.

तांडेल

मी जैतापूरचा. बत्तीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे माझे सारे भाषाज्ञान डेकवर आणि भटारखान्यात झालेले आहे. इंडोनेशियाच्या खलाशांकडून एक बारकावा शिकलो. त्यांच्याकडे निरोपाचे दोन शब्द असतात. जो मागे राहतो तो जाणाऱ्याला ‘सलामत जालान’ म्हणतो, म्हणजे सुखरूप वाट चाला, आणि जो जातो तो मागे राहणाऱ्याला ‘सलामत तिंगाल’ म्हणतो, म्हणजे सुखरूप राहा. हे दोन शब्द उलटसुलट केलेत तर सगळे हसतात, कारण मग गँगवेवरून उतरणारा माणूसच मागे राहिल्यासारखा होतो. आपल्याकडे ‘येतो’ आणि ‘या’ ही जोडी तशीच आहे. आभाराला ते ‘तेरिमा कासिह’ म्हणतात, ‘प्रेम स्वीकारा’ असा काहीसा त्याचा अर्थ. फिलिपिनो खलाशांकडे मात्र ‘सलामत’ म्हणजेच आभार. एकाच जहाजावर दोघेही असले की एक आभार मानतो आणि दुसऱ्याला वाटते, हा रजेवर निघाला.

पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत स्वाहिली बोलतात. तेथे लहानाने मोठ्याला ‘शिकामू’ म्हणायचे, ज्याचा अर्थ ‘तुमचे पाय धरतो’, आणि मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचे. मोंबासाला एका पोऱ्याने मला पहिल्यांदा ‘शिकामू’ म्हटले त्या दिवशी मी आरशात जाऊन केस पाहिले.

राहता राहिली जहाजांची आरोळी ‘अहॉय’. टेलिफोन निघाला तेव्हा उचलल्यावर काय म्हणावे हा प्रश्न आला, ग्रॅहम बेल ‘अहॉय’च्या बाजूचे होते आणि एडिसन यांनी १८७७ साली ‘हॅलो’ सुचवले. दर्यावर्दी माणसांचा शब्द तेथे हरला, पण जिथे समुद्राचा थेंब नाही त्या चेक लोकांनी ‘अहोय’ रोजच्या रामरामासारखा उचलला आहे.

नवी_पालवी

सर्वांचे प्रतिसाद आवडले, तरी मला एक विरोध नोंदवायचा आहे. ‘आपल्याकडे आभार शब्दांत मानत नाहीत, भावना समजून घ्यायची असते’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि ते बहुधा ज्याच्या पानात आयते पडते तोच म्हणतो. माझ्या काकूने पंचवीस वर्षे एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक केला. गणपतीत एकेका दिवशी दीडशे मोदक वळले, आणि तिला कोणी एका शब्दाने काही म्हटल्याचे मला आठवत नाही. ‘झालं का?’ एवढेच विचारत. मी मुंबईहून आल्यावर पहिल्यांदा ‘थँक यू काकू’ म्हटले तेव्हा सगळे हसले आणि काकूही हसली. रात्री मात्र पाणी द्यायला आली तेव्हा तिने मला विचारले, “तू मघाशी काय म्हणालीस?” तिला ते नीट ऐकू आले होते. ते तिला पुन्हा ऐकायचे होते.

रातांबा

नवी_पालवी, तुमचा मुद्दा बोचरा आहे आणि खरा आहे. पण ‘थँक यू’ म्हणण्याऐवजी ‘काकू, मोदकाची पारी आज फार सुरेख झाली होती’ असे म्हटले तर ते आभार होत नाहीत का? आमच्या घरात तरी पदार्थाची वाखाणणी हीच पावती होती.

नवी_पालवी

होतात ना. पण तेही कोणी म्हणत नसे; मीठ कमी असले तरच बोलत.

सावित्रीकाठ

अभिवादनाचा शब्द निरागस असतो, असे समजून आपण बोलत आहोत, म्हणून थोडे वेगळे लिहितो. कोणी कोणाला काय म्हणावे हे एके काळी सरकार ठरवत असे. पेशवे सरकारच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने १७७९ साली सोनार मंडळींना ‘नमस्कार’ हा शब्द वापरायला मनाई केली होती, कारण तो ब्राह्मणांचा मानला जाई. एका शब्दासाठी दोन सरकारांना लक्ष घालावे लागले! त्याच समाजरचनेत महारांच्या वाट्याला ‘जोहार’ होता आणि त्याला त्याच शब्दाने उत्तर मिळेल अशी अपेक्षाच नसे.

माझे गाव महाडजवळचे, जेथे १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आमच्याकडे दोन माणसे भेटली की ‘जय भीम’ म्हणतात, आणि उत्तरही ‘जय भीम’च येते. तांडेलांनी सांगितलेल्या ‘शिकामू-मराहाबा’मध्ये वरचा आणि खालचा लगेच ओळखू येतो; आमच्या अभिवादनात तो ओळखू येत नाही, आणि ते मुद्दाम तसे आहे. माझ्या आजोबांना गावातल्या एका बड्या माणसाने म्हातारपणी स्वतःहून ‘जय भीम’ म्हटले होते. आजोबांनी त्यावर विशेष काही केले नाही. उत्तर दिले, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागले. घरी आल्यावर मात्र ती गोष्ट त्यांनी आजीला तीन वेळा सांगितली.

दर्यापार

मी दाभोळचा कोकणी मुसलमान. आमच्यातही ज्या शब्दाने सुरुवात होते त्याच शब्दांची उलटापालट करून उत्तर येते: ‘अस्सलाम अलैकुम’ला ‘व अलैकुम अस्सलाम’, तुमच्यावर शांती असो, तुमच्यावरही असो. गंमत म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली मंडळींचा ‘शालोम’ आणि आमचा ‘सलाम’ ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत. वडील सांगत की तिकडच्या बाजारात दोघे एकमेकांना आपापला शब्द म्हणत आणि पुढचा भाव मराठीत करत.

निरोपाबाबत आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. आजी ‘खुदा हाफिज’ म्हणते, आखातातून परतलेला धाकटा भाऊ ‘अल्ला हाफिज’ म्हणतो, आणि दोन्हींचा अर्थ देव तुमचा रक्षणकर्ता असा एकच असला तरी दर शुक्रवारी त्यावर बोलणे होते. शेवटी धोपाव्याची फेरीबोट सुटायची वेळ होते आणि दोघेही ‘चल, येतो’ म्हणून मोकळे होतात.

निवृत्त_मास्तर

दर्यापार यांच्या ‘हाफिज’वरून आठवले. रशियन भाषेतला आभाराचा ‘स्पासिबा’ हा मुळात ‘देव राखो’ असा आशीर्वाद होता, म्हणजे पेडण्याची यांच्या ‘देव बरें करूं’चा सख्खा भाऊ. इंग्रजीतला ‘गुड बाय’देखील ‘देव तुमच्याबरोबर असो’ या वाक्याचा घासून उरलेला तुकडा आहे. मुलांना ‘बाय’ म्हणू नका असे बजावणाऱ्या आजोबांना हे सांगून पाहा.

भरती_ओहोटी

थोडे विषयांतर करतो. निघणाऱ्याला ‘कुठे?’ असे विचारू नये, काम होत नाही, म्हणून आमच्याकडे जुनी माणसे ‘लांब का?’ असे विचारतात. ही पद्धत इतर कोणाकडे आहे का?

सुकट_बोंबील

भरती_ओहोटी, तुम्ही कणकवलीचे असून असे कसे म्हणता? मालवणात सकाळी घराबाहेर पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो, ‘खंय चललंस?’ त्याचे उत्तर ‘हयसरच’ असे असते, मग तुम्ही बाजारात जात असा वा दुबईला. विचारणाऱ्याला खरे उत्तर नकोच असते. चिनी लोक एकमेकांना ‘जेवलात का?’ विचारतात, तेव्हा त्यांनाही कोणाला पान वाढायचे नसते.

भरती_ओहोटी

विचारतात खरे. पण रस्त्यावर विचारतात. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आई अजून विचारू देत नाही. हा फरक मला तुमच्यामुळे आताच सुचला.

माजघर

कोणी फोनचा उल्लेख केला नाही याचे नवल वाटते. फोनवर आपण ‘येतो’ म्हणू शकत नाही, म्हणून मराठीने ‘ठेवतो’ हा नवा निरोप तयार केला. ‘बरं, ठेवू?’, ‘हं, ठेव’, आणि त्यानंतर आणखी दहा मिनिटे बोलणे. जर्मन लोकांनीही अशीच सोय केली आहे. ते समोरासमोर ‘पुन्हा भेटेपर्यंत’ अशा अर्थाचा शब्द वापरतात आणि फोनवर ‘पुन्हा ऐकेपर्यंत’ अशा अर्थाचा. आता ठेवायला रिसीव्हर उरलेला नाही, तरी माझी तरुण सूनसुद्धा ‘ठेवते’च म्हणते.

गडग्याआड (धागाकर्ता)

मंडळी, पाटी झाली, म्हणून सविस्तर कळवतो.

मंगळवारी रात्री मी सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. माजघर यांचा ‘येतो’ न म्हणण्याचा प्रसंग तिने मला दोनदा वाचायला लावला. नवी_पालवी यांचे लिहिणे ऐकल्यावर मात्र ती काही बोलली नाही, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या काकूंना तिने आत हाक मारली. पाटीवर काय लिहावे असे तुम्हाला वाटते, हे मी त्यांना प्रथमच विचारले. त्या लगेच म्हणाल्या, “आभार-बिभार राहू द्या. लोक खोलीच्या किल्ल्या खिशात घालून पुण्याला नेतात, त्याचं काहीतरी लिहा.” गेल्या हंगामात आमच्या पाच किल्ल्या गेल्या आणि त्यांतल्या दोनच कुरिअरने परत आल्या, हे मला कबूल करावे लागले.

पेंटर आला तेव्हा मी त्याच्या हाती सहा भाषांची यादी दिली. त्याने अक्षरे मोजली, पत्रा पाहिला आणि एवढे बसवायचे तर प्रत्येक अक्षर बोटाएवढे होईल असे सांगितले. शेवटी ती यादी अर्थासह कागदावर लिहून जेवणाच्या खोलीत लावली आहे, त्यात ‘देव बरें करूं’पासून ‘इत्ते राश्शाय’पर्यंत सर्व आहे. पाटीवर निळ्या रंगात, हातभर उंचीचे, एकच अक्षर काढून घेतले: ‘या’. त्याच्याखाली लहान अक्षरांत ‘किल्ली दिलीत ना?’ असे आहे. पेंटरने एका अक्षराचे पैसे घ्यायला संकोच केला आणि मग काना वेगळा धरून ते घेतले.

काल सकाळी कोलकात्याचे एक कुटुंब निघाले. त्यातल्या आजोबांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून त्या मोठ्या अक्षराचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते “आशि” म्हणाले, मी “या” म्हणालो, आणि गाडी वळणावर जाऊन पुन्हा थांबली. त्यांचा नातू किल्ली घेऊन पळत परत आला.

सुकट_बोंबील

म्हणजे सहा भाषांपेक्षा खालची ओळ कामाला आली. काकूंना माझा नमस्कार सांगावा.